वाऱ्यावर लांबणारं अंतर

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा केनेडी या विमानतळांमध्ये सुमारे ५,५५० किलोमीटर अंतर आहे. लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात, परतायला मात्र साडेसहा-सात. दोन शहरांच्या घड्याळांतला पाच तासांचा फरक वगळूनही ही तफावत उरतेच.

कारण वाऱ्यात आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह धावतो. जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला आणि जगभर वाचला जावा म्हणून अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. ती भाषा जाणणारे मोजकेच. इतकं मोलाचं काम बाहेर फारसं पोचलंच नाही, याची आजही हळहळ वाटते.

विमान हवेला धरून उडतं, आणि ती हवाच सरकत असते. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १००. मग पश्चिमेकडे जाताना ते सुमारे ६,२५० किलोमीटर हवा कापतं, पूर्वेकडे येताना सुमारे ५,०००. वाटेल, जाताना गेलं ते येताना मिळालं. तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून ११,१०० झाले असते. इथे ११,२५० झाले. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नेहमी नफ्याहून मोठा राहतो.

४ ऑक्टोबर १९५८ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट विमानांनी या मार्गावर जेट प्रवासी सेवा सुरू केली. पूर्वेकडचं विमान थेट लंडनला उतरलं. पश्चिमेकडच्याला इंधनासाठी न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला थांबावं लागलं. एकाच दिवसाच्या या दोन उड्डाणांत वाऱ्याची सगळी कथा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तर कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं.

भर समुद्रात रडार पोचत नाही. म्हणून विमानं एकमेकांपासून दूर राहावीत यासाठी रोजचा वारा पाहून त्यांच्या ठराविक वाटा आखल्या जातात: दिवसा पश्चिमेकडच्या, रात्री पूर्वेकडच्या. आता उपग्रहांना विमानं दिसतात, तेव्हा प्रत्येकाला त्याची स्वतःची वाट देता येईल. रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९-२०च्या हिवाळ्यातली लंडन-न्यूयॉर्क उड्डाणं तपासली, तेव्हा काही विमानांना १६ टक्क्यांपर्यंत कमी हवा कापून जाता आलं असतं, असं आढळलं. एवढं इंधन वाचवणं हाती असताना ते जाळत राहणं मला पटत नाही.

याच विद्यापीठातले पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये पुढचा हिशोब मांडला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर हिवाळ्यात या मार्गावरचा जेट प्रवाह आणखी जोर धरेल. येणं लवकर होईल, जाणं त्याहून जास्त लांबेल, आणि अटलांटिक ओलांडणारी सगळी विमानं मिळून वर्षाला सुमारे २,००० तास जास्त आकाशात राहतील. त्या तासांत जळणारं इंधन पुन्हा त्याच हवेत कार्बन सोडेल.