एसयूव्ही कशाला म्हणायचे?

पोर्शे या जर्मन स्पोर्ट्स कार कंपनीने पेट्रोलवर आणि हायब्रिड पद्धतीने चालणारी एक नवी छोटी एसयूव्ही २०२८ च्या सुमारास आणण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले, आणि तिच्या चाहत्यांत एक जुना वाद नव्याने पेटला. पेट्रोलचे इंजिन परत येणार म्हणून एका गटाला हायसे वाटले आहे. ही गाडी ऑडीच्या सांगाड्यावर उभी राहील आणि पोर्शेचे केवळ बोधचिन्ह मिरवील, अशी धास्ती दुसऱ्या गटाला आहे. तिसरा गट संख्येने लहान, पण आवाजाने मोठा. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्याने उंच, जड कुटुंबवाहन बनवूच नये, असे तो गेली पंचवीस वर्षे सांगत आला आहे.

या तिसऱ्या गटाची बाजू बाजाराने केव्हाच निकालात काढली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पोर्शेची वार्षिक विक्री वीस हजारांच्याही खाली घसरली होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रे हाती घेतली, कारखान्याची घडी बसवण्यासाठी जपानी सल्लागार बोलावले, १९९६ मध्ये तुलनेने स्वस्त बॉक्सस्टर आणली आणि २००२ मध्ये कायेन ही एसयूव्ही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची ९११ बंद झाली तेव्हाच निष्ठावंतांनी सुतक पाळले होते. कायेनने तर त्यांचा देव्हाराच बाटला. पण त्याच कायेनच्या नफ्यावर ९११ जगली. २०१४ पासून विक्रीला आलेली मकान ही कायेनची धाकटी बहीण. तिची मूळ रचना ऑडी क्यू५ शी मिळतीजुळती, उत्पादन लाइपझिगला. जावानी भाषेत या शब्दाचा अर्थ वाघ. आपल्या कानांना मात्र तो घराचा भास देतो, आणि किंमत कोटीच्या आसपास असल्याने तो भास अगदीच अप्रस्तुत नाही. २०२४ मध्ये पोर्शेने जगभर सुमारे ३ लाख १० हजार गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. त्यांत कायेन आणि मकान मिळून १ लाख ८५ हजार, तर ९११ जेमतेम ५१ हजार.

धोरणाच्या अभ्यासकाला या कथेचा पुढचा भाग अधिक उद्बोधक वाटावा. मकानची दुसरी पिढी केवळ विजेवर चालेल, असे कंपनीने ठरवले आणि जानेवारी २०२४ मध्ये ती गाडी सादर केली. पेट्रोलची जुनी मकान सोबत काही काळ विकली जाणार होती. परंतु जुलै २०२४ पासून युरोपीय संघात वाहनांच्या सायबर सुरक्षेचे नवे नियम सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. दहा वर्षांपूर्वीच्या विद्युतप्रणालीवर उभ्या असलेल्या मकानला त्यांत बसवणे परवडणारे नव्हते, म्हणून ती युरोपच्या बाजारातून निघाली. पेट्रोलच्या या गाडीला तिच्या मायदेशात धुराच्या नव्हे, तर संगणकीय सुरक्षेच्या कायद्याने हद्दपार केले. विजेवरच्या मकानला ग्राहक मिळाले. ती पेट्रोलची उणीव सर्वत्र भरून काढील, हा अंदाज मात्र फसला. त्यातच चीनमधली मागणी आटली.

म्हणून पेट्रोलचे चाहते आज ‘आम्ही सांगत होतो’ म्हणत आहेत. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे. मकान घेणाऱ्यांतले बहुसंख्य लोक इंजिनाच्या आवाजावर वाद घालणारे कधीच नव्हते; त्यांना प्रतिष्ठा, उंच आसन आणि मुलांच्या दप्तरांपुरती जागा हवी होती. चाहत्यांच्या मताने मागणीचा अदमास लागत नाही. वस्तूचे नाव आणि तिचा स्वभाव यांत अंतर पडू लागले, की ते पहिल्यांदा त्यांनाच जाणवते, एवढे श्रेय त्यांना द्यावे.

हे अंतर आपल्याकडे करकायद्यात शिरले आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले आणि ‘छोटी’ म्हणजे चार मीटरच्या आतली, असे ठरवले. २०१३ मध्ये एसयूव्हींवरचे शुल्क २७ वरून ३० टक्के झाले. त्यासाठी इंजिन १५०० सीसीहून मोठे, लांबी चार मीटरहून अधिक आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, अशी मोजमापे आली. सोबत ‘एसयूव्ही म्हणून लोकांत परिचित’ असाही शब्दप्रयोग होता. करआकारणी लोकांच्या बोलण्यावर टांगणारी ही शब्दयोजना प्रशासनात आयुष्य घालवलेल्याला अस्वस्थ करणारीच. गाडी लोकांत परिचित आहे की नाही, याचा पंचनामा कोणत्या निरीक्षकाने करायचा? एका देशी कंपनीने तर आपल्या गाडीची उंचीच १७० च्या खाली आणून प्रश्न सोडवला. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने तो शब्दप्रयोग गाळून ‘कोणत्याही नावाने ओळखले जाणारे’ उपयुक्तता वाहन, अशी सुधारणा केली आणि उंची रिकाम्या गाडीची मोजावी, हेही स्पष्ट केले.

चार मीटरची रेघ मात्र टिकली. तिच्यामुळेच फोर्डची इकोस्पोर्ट येथे ३,९९९ मिलिमीटरची झाली. ब्रेझा आणि नेक्सॉन ३,९९५ च्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन छोट्या मोटारींना १८ आणि इतरांना ४० टक्के असे दोन टप्पे आल्यावर ही रेघ अधिकच ठळक झाली. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या उपयुक्तता वाहनांच्या वर्गात मोडतात. त्यांपैकी कितींचे मागचे अंग अभियंत्याने आखले आणि कितींचे अधिसूचनेने, हे सांगणे अवघड. रस्त्याची झीज, पादचाऱ्याचा धोका आणि इंधनाचा खप लांबीपेक्षा वजनाशी अधिक निगडित असतात. कर वजनावर आणि उत्सर्जनावर बेतणे प्रशासकीयदृष्ट्याही कठीण नाही, कारण वाहनाला मान्यता देताना हे दोन्ही आकडे नोंदवलेलेच असतात.

पोर्शेची ‘छोटी’ एसयूव्ही आपल्या मोजपट्टीवर छोटी ठरणारच नाही. आजची मकानच ४.७ मीटरच्या आसपास आहे. तिची चुलत बहीण ऑडी क्यू५ छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा येथे सुट्या भागांतून जुळवली जाते, तर मकान पूर्ण तयार होऊन बोटीने येते. तयार आलिशान मोटारींवरील सीमाशुल्क वर्षानुवर्षे शंभर टक्के वा त्याहून अधिक राहिले आहे. सुट्या भागांवरचे त्याच्या एका अंशाइतके. नव्या गाडीत ऑडीचा वाटा किती, हा जर्मनीतल्या चाहत्याला अस्मितेचा प्रश्न वाटतो. ती गाडी येथे कुठे जुळवायची आणि किती किमतीला विकायची, याचा हिशेब मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावरून मांडला जाईल.