दिसलात म्हणजे हरलात, असं नाही

‘डेउस एक्स : मॅनकाइंड डिव्हायडेड’ हा गेम सुरू करून अर्ध्यात सोडणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. गार्डने पाहिलं, मागचा सेव्ह लोड केला. परत पाहिलं, परत लोड केला. शेवटी वैतागून गेमच बंद केला. पण लोड करायला सांगितलं कुणी? गेमने तर कुठेच सांगितलेलं नाही.

लपाछपीत दिसला तो बाद. तोच नियम आपण नकळत इथे लावतो आणि स्टेल्थ गेममध्ये कुणाच्याही नजरेला पडायचंच नाही असं ठरवून बसतो. हा समज इतक्या वेळा ऐकला आहे, आणि त्यापायी एका उत्तम गेमला इतके जण मुकले आहेत, की तो नीट खोडून काढायलाच हवा.

गार्डची नजर कशी चालते ते पाहा. तुम्ही ओझरते दिसलात तर त्याला आधी फक्त संशय येतो. तो थबकतो आणि खात्री करायला पुढे येतो. तेवढ्यात तुम्ही आडोशाला गेलात, तर थोडं शोधून तो आपल्या फेरीवर परततो. स्पष्ट दिसलात तर मात्र ओरडतो, साथीदार सावध होतात, गोळ्या सुटतात. तरीही खेळ संपत नाही. नजरेची रेषा तुटली की ते सगळे तुम्ही शेवटचे जिथे दिसलात तिथे धावतात. तुम्ही तोवर भलतीकडे पोचलेले असता.

सुरुवातीच्याच दुबईच्या लेव्हलमध्ये हे करून बघता येतं. बांधकाम अर्धवट सुटलेलं भलंमोठं हॉटेल आहे, बाहेर वाळूचं वादळ जवळ येतंय. एका गार्डने तुम्हाला पाहिलं, असं समजा. लगेच हात कीबोर्डवर लोडच्या बटणाकडे नेऊ नका. खांबामागे जा, बाजू बदला, वर चढा किंवा हवेच्या डक्टमध्ये शिरा. खाली ते तुमची जुनी जागा चाळत असतात आणि त्यांची पाठ तुमच्याकडे असते. गेममधली सर्वांत रंगतदार पाच मिनिटं बहुधा अशीच मिळतात. दर वेळी लोड करणाऱ्याला ती कधीच मिळत नाहीत. अदृश्य होण्याची शक्ती, झेप, बधिर करणारी बंदूक ही सामग्री अशा अडचणीच्या क्षणांसाठीही आहे. ती तशीच पडून राहते आणि मग हेच लोक म्हणतात, गेम संथ आहे!

यावर ‘पण मग बक्षीस हुकतं ना?’ असं विचारणाऱ्यांनी गेमची अचीव्हमेंटची यादी उघडावी. ‘फॉक्सिएस्ट ऑफ द हाउंड्स’ मिळवायला संपूर्ण गेममध्ये अलार्म वाजता कामा नये, एवढीच अट आहे. गार्डच्या नजरेला पडणं वेगळं आणि अलार्म वाजणं वेगळं. ‘पॅसिफिस्ट’ मिळवायला कुणाचा जीव घेता कामा नये, दिसण्या-न दिसण्याशी त्याचा संबंध नाही. अजिबात न दिसता कामगिरी पार पाडल्याबद्दल अनुभवाचे जादा गुण जरूर मिळतात. पण ते जादाचे आहेत, पुढे जाण्याची अट नव्हे.

ही मोकळीक या मालिकेच्या पायातच आहे. २००० साली आलेल्या पहिल्या ‘डेउस एक्स’चे दिग्दर्शक वॉरन स्पेक्टर यांनी त्याच वर्षी ‘गेम डेव्हलपर’ मासिकात आपल्या रचनेचे नियम मांडले होते. एकच उत्तर असलेली कोडी नकोत, अनेक वाटांनी सुटणारे प्रश्न हवेत आणि खेळाडूवर अपयश लादू नये, हे त्यातले महत्त्वाचे. आयडॉस मॉन्ट्रिऑलने २०१६ साली हा भाग काढताना तीच परंपरा पुढे नेली.

आता बाकीचे गैरसमज.

आधीचे सगळे भाग खेळावे लागतात? नाही. कथा २०२९ साली प्रागमध्ये घडते, २०११ साली आलेल्या ‘ह्यूमन रेव्होल्यूशन’च्या कथेनंतर दोन वर्षांनी. मागचं कथानक सांगणारी चांगली लांब चित्रफीत सुरुवातीलाच आहे. ती वगळू नका. यंत्रावयव बसवलेल्या माणसांना लोक इतकं का घाबरतात, मेट्रोत त्यांची वाट वेगळी का काढली आहे, हे त्यावाचून कळत नाही.

टेकडाउन, म्हणजे जवळ जाऊन शत्रूला पाडणं, हा खूनच? बटण दाबून सोडलं तर समोरचा बेशुद्ध होतो, दाबून धरलं तर मरतो. नवख्यांचे बरेच ‘अपघाती’ खून इथेच होतात. बेशुद्ध माणसाला त्याचे साथीदार उठवू शकतात, म्हणून त्याला ओढून आड लपवा.

हॅकिंगशिवाय अडतं? क्वचितच. दारांचे कोड आणि पासवर्ड लोकांच्या खिशातल्या, टेबलावरच्या ‘पॉकेट सेक्रेटरी’ नावाच्या छोट्या यंत्रांत सापडतात. नाहीतर कुलपं उघडणारं मल्टिटूल आहेच.

शक्ती वाढवणारे प्रॅक्सिस किट खरे पैसे देऊन विकत घ्यावेच लागतात? मुळीच नाही. खेळता खेळता पुरेसे मिळतात.

प्रायोगिक शक्ती घेतली की दुसरी एखादी कायमची बंद करावी लागते, म्हणून तिकडे फिरकूच नये? जी कधी वापरणारच नाही ती बंद करा. शिवाय ‘द कॅलिब्रेटर’ ही उपमोहीम पूर्ण केली की हे बंधन सुटतं.

शेवटी बॉसला मारावंच लागतं? तो नियम ‘ह्यूमन रेव्होल्यूशन’चा. इथे शेवटचा बॉस मार्चेंको यालाही जिवंत ठेवता येतं.

गोष्ट अर्धवट राहते, हे मात्र बरंचसं खरं आहे. पुढच्या भागाचं काम थांबवल्याची बातमी ब्लूमबर्गने जानेवारी २०२४मध्ये दिली, त्यामुळे लवकर उत्तरं मिळतील अशी आशा धरू नका.

आणि पालकांसाठी एक गोष्ट. युरोपात या गेमला १८ वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन आहे, ते योग्यच आहे. शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका.

मोठ्यांनी मात्र दुबईची लेव्हल एकदा काहीही झालं तरी लोड न करता शेवटपर्यंत खेळावी. पुढे खेळायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.