गाडी बदलण्याआधी

नारायणगावच्या बाजाराजवळ एक खेडे आहे. तिथल्या एका घरात जुनी छोटी मोटार होती. ती 2010 सालची. घरात माणसे पाच. म्हातारे बाबा, आजी, मुलगा, सून आणि नववीतली नात.

2025 च्या जुलैमधली गोष्ट. रात्री आजीच्या छातीत दुखू लागले. सगळे गाडीत बसून पुण्याकडे निघाले. मंचरच्या पुढे गाडी बंद पडली. वर पाऊस कोसळत होता. फोन केल्यावर गावातून शेजाऱ्याची जीप आली, म्हणून आजी दवाखान्यात पोचली. आजी वाचली. पण बाबा म्हणाले, "आता या गाडीचा भरवसा नाही. दुसरी बघा."

जुनी ठेवायची की बदलायची?

मुलगा म्हणाला, "बाबा, डागडुजी करून हीच चालवू की."

सून नुकतीच लिहायला शिकली होती. घरखर्चाची वही तीच ठेवायची. ती म्हणाली, "अहो, आधी हिशेब मांडू या."

घरच्या मोटारीची नोंद 15 वर्षे चालते. पुढे आर.टी.ओ. गाडी तपासतात. गाडी चांगली असेल तर आणखी 5 वर्षांची मुदत देतात. याला लोक पासिंग म्हणतात. पासिंगची फी पूर्वी 600 रुपये होती. 1 एप्रिल 2022 पासून ती 5000 रुपये झाली. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर पडतो. त्यात टायर, बॅटरी आणि इंजिनाचे काम. सुनेने बेरीज केली. एवढे पैसे घालूनही गाडी जुनी ती जुनीच राहणार होती. मग बदलायचे ठरले.

गाडी कशी निवडावी?

मुलाला मोठी, चकचकीत गाडी हवी होती. बाबा म्हणाले, "अरे, गाडी लोकांना दाखवायला घ्यायची, की आपल्याला बसायला?"

मग घराची गरज लिहून काढली. तुम्हीही तशीच लिहा.

पहिली गोष्ट, बसणारी माणसे. म्हाताऱ्या माणसाला गुडघा न दुखता आत बसता आले पाहिजे. आजीला बरोबर नेऊन, बसवूनच गाडी बघा.

दुसरी गोष्ट, रस्ता. गावच्या रस्त्याला खड्डे असतात. गाडीचे पोट जमिनीपासून 17 सेंटिमीटर उंच असले तर बरे.

तिसरी गोष्ट, तेलाचा खर्च. समजा, महिन्याला 1000 किलोमीटर फिरणे आहे आणि पेट्रोल 100 रुपये लिटर आहे. 20 चे अॅव्हरेज देणारी गाडी 50 लिटर, म्हणजे 5000 रुपयांचे पेट्रोल पिते. 14 चे अॅव्हरेज देणारी 7100 रुपयांचे पिते. वर्षाला 25,000 रुपयांचा फरक पडला! सी.एन.जी. स्वस्त पडते, पण टाकी डिकीतली जागा खाते. पंप जवळ आहे का, तेही बघा.

चौथी गोष्ट, जीव. धडक बसली की हवेची पिशवी फुगते आणि माणसाचे डोके व छाती वाचवते. तिला एअरबॅग म्हणतात. मात्र पट्टा बांधलेला हवा. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची तपासणी सुरू झाली. तिच्यात गाडी धडकवून बघतात आणि तारे देतात. जास्तीत जास्त 5 तारे मिळतात. दुकानात विचारा, "या गाडीला तारे किती?"

पाचवी गोष्ट, हप्ता. शेकडा 10 व्याजाने 5 लाख कर्ज 5 वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 10,600 रुपये येतो. म्हणजे 1,37,000 रुपये नुसते व्याज जाते. टोमॅटोचा भाव पडला तर हप्ता कोठून भरणार? अंथरूण पाहून पाय पसरावे, ते असे.

वापरलेली गाडी घेताना

नवी गाडी परवडेना, म्हणून या घराने वापरलेली छोटी गाडी बघितली. विकणारा गोड बोलत होता. "आजच इसार द्या, उद्या गाडी राहणार नाही," म्हणाला.

सुनेने आर.सी. बुक मागितले. चासीवरचा नंबर तिने एकेक आकडा करून पुस्तकाशी ताडून पाहिला. नंबर जुळला. मग नातीने इंग्रजी मजकूर वाचला. ती म्हणाली, "आई, इथे बँकेचे नाव आहे."

सातबाऱ्यावर बोजा असतो, तसा गाडीवरही असतो. कर्ज फिटले नाही, तर बँक गाडी ओढून नेऊ शकते. या घराचे 3 लाख रुपये असे वाचले. सगळे उठून घरी आले.

दुसऱ्या गाडीला त्यांनी मिस्त्री बरोबर नेला. इंजिन थंड असताना सुरू केले. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे, असे समजावे. पत्र्याला लोहचुंबक लावून पाहिले. चुंबक चिकटत नाही, तिथे लांबी भरलेली असू शकते. गाडी 2019 च्या जुलैनंतर तयार झालेली होती. तेव्हापासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे. कागद स्वच्छ होते. दिवाळीत ही गाडी दारात आली.

जुन्या गाडीचे काय?

शेजारगावचा एक जण म्हणाला, "गाडी मला द्या. नाव काय, नंतर बदलू."

बाबांनी मान हलवली. "आधी कागद, मग किल्ली."

बाबांचे बरोबर होते. नाव बदलले नाही आणि गाडीने कोणाला उडवले, तर भरपाई नोंदीतल्या मालकाच्या गळ्यात पडते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तसाच निकाल दिला आहे. विकणाऱ्याने 14 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे, असा कायदा आहे. गाडी मोडीत काढायची असेल, तर सरकारमान्य केंद्रात द्यावी. तिथे दाखला मिळतो.

गाडी घेताना रंग सगळेच बघतात. तुम्ही वही काढा, हिशेब मांडा, कागद वाचा. स्वतःला वाचता येत नसेल ते घरातल्या पोरीकडून वाचून घ्या. पण वाचल्याशिवाय इसार देऊ नका.