जुनी एसयूव्ही घेताय? टोकन देण्याआधी मोबाईलवर एवढं बघा

सेकंड हॅण्ड एसयूव्ही बघायला गेलो की आपण टायर दाबतो, बोनेट उघडतो आणि एक चक्कर मारून येतो. मी सध्या भावासाठी जुनी डिझेल स्कॉर्पिओ शोधतोय. माझं तर मत झालंय की निम्मी गाडी घरबसल्या मोबाईलवरच तपासून होते.

जाहिरातीतल्या फोटोत नंबर प्लेट बऱ्याचदा झाकलेली असते. आधी नंबर मागा. देत नसेल तर जाऊच नका. एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये तो टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे फायनान्सरची. तिथे बँकेचं नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. 'कर्ज कधीच फिटलंय हो' हे तोंडी उत्तर चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओकडे गेल्याशिवाय ती नोंद निघत नाही, आणि तोवर गाडी तुमच्या नावावर होणं अडकतं. म्हणजे पैसे तुमचे गेले, गाडी दारात, पण कागदावर हक्क बँकेचा! आत्तापर्यंत बघितलेली सर्वात देखणी गाडी मी या एका ओळीमुळे सोडली.

ई-चलान पोर्टलवर थकीत दंडही बघून घ्या. आणि दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर लगेच हुरळू नका. तिकडे एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, म्हणून त्या इकडे येतात. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स आलाच. किंमत करताना तो धरा.

आता माझा आवडता भाग, ओबीडी स्कॅनर. काडेपेटीएवढं हे उपकरण स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं, फोनला जोडायचं आणि ॲपवर इंजिनचे फॉल्ट कोड वाचायचे. (आयफोनवाल्यांनो, स्वस्तातले बरेच ब्लूटूथ स्कॅनर तुमच्या फोनला चालत नाहीत, वाय-फायवाला बघा.)

पण कोड दिसला नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, असं समजू नका. असाच स्कॅनर लावून विकणारासुद्धा कोड पुसू शकतो, मग चेक इंजिनचा दिवाही विझतो. म्हणून ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' शोधा. सगळ्या नाही, पण बऱ्याच गाड्या ते सांगतात. मीटरवर ८० हजार किलोमीटर आणि इथे फक्त १२, असं दिसलं तर मेमरी नुकतीच पुसली गेलीय. बॅटरी काढल्यामुळेही असं होतं, तेव्हा लगेच चोर म्हणू नका. सरळ कारण विचारा, बॅटरी बदलल्याचं बिल मागा. ते नसेल तर गाडी थंड असताना सुरू करून तीस-चाळीस किलोमीटर चालवा आणि परत स्कॅन करा. पुसलेला कोड परत आला, तर दुरुस्तीचा खर्च मेकॅनिककडून काढून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.