पी.टी.ओ. शाफ्टचे कव्हर : घ्यावे कसे, बसवावे कसे



तोडणी उरकली की खोडव्याच्या रानात पाचट कुट्टीचं यंत्र फिरू लागतं आणि जिथं नवी लागण करायची तिथं रोटाव्हेटर. ज्या कामाला पूर्वी बैलांच्या जोड्या आणि माणसांची रांग लागायची, ते काम आज एक ट्रॅक्टर करतो. सोय झाली हे चांगलंच झालं. परंतु ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्या मधोमध जो लोखंडी शाफ्ट गरगर फिरत असतो, त्याच्यावर कव्हर आहे की नाही, हे आपल्यापैकी किती जण पाहतात?

आमच्या घरातही कुणी पाहिलं नव्हतं. खोडव्यात पाचट कुट्टी चालू होती. यंत्राच्या तोंडाशी पाचट तुंबलं म्हणून थोरले चुलते ते ओढायला वाकले. ट्रॅक्टर चालूच होता. खांद्यावरचा पंचा शाफ्टला लागला आणि पंच्याबरोबर हातही गेला. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. त्या शाफ्टला कव्हर होतं. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून आम्हीच ते काढून शेडच्या माळ्यावर टाकलं होतं. तेव्हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच. तो पुन्हा कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हे चार शब्द.

धोका किती, याचा हिशेब

आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांना पी.टी.ओ.चा वेग मिनिटाला 540 फेरे लागतो. म्हणजे एका सेकंदात 9 फेरे. शाफ्टचा क्रॉसजवळचा भाग चार इंच जाडीचा धरला, तर त्याच्याभोवती एका सेकंदात नऊ फुटांहून जास्त कापड गुंडाळलं जातं. नऊवारी लुगडं अख्खं गुंडाळायला तीन सेकंद पुरतात. काही तरी ओढलं जातंय हे ध्यानात येऊन हात मागं घ्यायला माणसाला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात शाफ्टचे चार-सहा फेरे होऊन गेलेले असतात. म्हणून "मी सावध असतो, मला काय होतंय" हे बोलणं इथं उपयोगाचं नाही. सावध माणसाचाही हात शाफ्टपेक्षा हळूच चालतो.

त्यातून क्रॉसच्या पिनेऐवजी लांब बोल्ट घालून त्याचं टोक बाहेर ठेवण्याची खोड आपल्याकडे आहे. ते टोक म्हणजे कापड पकडायचा आकडाच. बोल्ट मापाचाच घालावा. जास्तीचं टोक बाहेर राहू देऊ नये.

संरक्षण तीन ठिकाणी

पहिलं, ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वरचं पत्र्याचं झाकण. दुसरं, शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर. तिसरं, यंत्राच्या गिअरबॉक्सच्या दांड्यावरचं झाकण. ही तिन्ही असली म्हणजे मध्ये उघडं लोखंड राहत नाही. यातलं एक जरी नसलं तरी कापडाला वाट मिळते. पत्र्याचं झाकण वाकलं असेल तर ते सरळ करून पुन्हा बसवावं, भंगारात घालू नये.

शाफ्टचं कव्हर म्हणजे एकमेकींत सरकणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या नळ्या. दोन्ही टोकांना भोंग्यासारखी रुंद तोंडं, आत नायलॉनच्या कड्या आणि बाहेर दोन साखळ्या. आत शाफ्ट फिरतो आणि बाहेर कव्हर उभं राहतं, हीच यातली खरी युक्ती. कापड किंवा हात लागला तरी तो थांबलेल्या प्लॅस्टिकला लागतो आणि निसटतो. कव्हर जर शाफ्टबरोबर फिरू लागलं, तर ते असून नसल्यासारखंच. शाफ्टला खताचं पोतं किंवा जुना पाइप गुंडाळणं तर त्याहून वाईट. तोही शाफ्टबरोबर फिरतो आणि वर आपली खोटी समजूत होते.

विकत घेताना

"रोटाव्हेटरचं कव्हर द्या" एवढं सांगून दुकानातून आणलेलं कव्हर पुष्कळदा बसत नाही आणि मग ते माळ्यावर जातं. जाताना ही मापं कागदावर लिहून न्यावीत :

1. शाफ्ट पूर्ण मिटवून एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंतची लांबी.

2. क्रॉसचं माप, म्हणजे टोपीची जाडी आणि एका टोपीच्या टोकापासून समोरच्या टोपीच्या टोकापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. जुना क्रॉस पेटीत पडलेला असेल तर तोच खिशात घालून न्यावा.

3. लोखंडी नळीचा आकार. नळी तिकोनी, चौकोनी किंवा लिंबाच्या आकाराची असते. बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही नळ्यांचं माप घ्यावं.

4. क्रॉस ज्या लोखंडी दुबेळक्यात बसतो त्याच्या मागच्या बाजूला एक गोल खाच असते. कव्हरची नायलॉनची कडी त्याच खाचेत बसते. तिचा व्यास घ्यावा.

जुनं फुटकं कव्हर असेल तर तेच बरोबर न्यावं, म्हणजे चूक होत नाही. कव्हरबरोबर दोन्ही कड्या आणि दोन्ही साखळ्या आहेत का, हे दुकानातच पाहावं. काही शाफ्ट वर्कशॉपात जोडून केलेले असतात आणि त्यांना ती खाचच नसते. अशा शाफ्टवर कोणतंच कव्हर नीट थांबत नाही. तो शाफ्ट बदलणं हाच उपाय. कव्हरचा संच नव्या शाफ्टच्या मानानं पुष्कळ स्वस्त पडतो, आणि दवाखान्याच्या खर्चाशी तर त्याची तुलनाच नको.

बसवताना

आधी इंजिन बंद करावं, किल्ली काढून आपल्याच खिशात ठेवावी आणि यंत्र जमिनीवर टेकवावं. मगच शाफ्ट काढावा.

खाचेतलं जुनं ग्रीस आणि माती पुसून काढावी. खाचेला चरा पडला असेल तर बारीक कानशीनं सारखा करावा, नाही तर नायलॉनची कडी लवकर झिजते. खाचेला नवं ग्रीस लावून कडी बसवावी, तिच्यावर कव्हर सरकवून लॉक करावं. आता कव्हर हातानं फिरवून पाहावं. आतलं लोखंड जागच्या जागी राहून कव्हर तेवढं सैल फिरलं पाहिजे. घासत असेल किंवा अडत असेल तर कडी नीट बसलेली नाही, पुन्हा बसवावी.

पुढं लांबी तपासावी. यंत्र लिफ्टवर हळूहळू वर-खाली करून शाफ्ट कुठं सर्वांत आखूड होतो आणि कुठं सर्वांत लांब होतो, ते पाहावं. हे पाहताना पी.टी.ओ. बंदच हवा, आणि वर घेतलेल्या यंत्राखाली कुणी जाऊ नये. आखूड होताना नळ्या एकमेकींच्या टोकाला टेकता कामा नयेत आणि लांब होताना मध्ये उघडं लोखंड दिसता कामा नये. शाफ्ट कापावाच लागला तर लोखंडाच्या दोन आणि प्लॅस्टिकच्या दोन अशा चारही नळ्या सारख्याच मापानं कापाव्यात. कापलेल्या कडा कानशीनं घासून घ्याव्यात आणि लोखंडी नळ्यांना ग्रीस लावावं.

शेवटी साखळ्या. बहुतेक जण इथंच चुकतात. एक साखळी ट्रॅक्टरच्या न हलणाऱ्या भागाला आणि दुसरी यंत्राच्या सांगाड्याला अडकवावी. वळताना किंवा लिफ्ट वर घेताना ताण येणार नाही इतकी ती सैल असावी, पण लोंबकळून शाफ्टात जाईल इतकी लांब नको. यंत्र सोडल्यावर शाफ्ट साखळीला टांगून ठेवू नये, त्यानं साखळीची कडी तुटते.

ग्रीसची सबब

आमच्याप्रमाणेच बहुतेकांचं कव्हर ग्रीसपायी निघतं. वास्तविक पुष्कळ कव्हरांना निपलपर्यंत पोहोचण्यासाठी भोक ठेवलेलं असतं, किंवा भोंगा मागं सरकवता येतो. यंत्राच्या पुस्तिकेत जितक्या तासांनी सांगितलं असेल तितक्या तासांनी क्रॉसला आणि कव्हरच्या कडीलाही ग्रीस द्यावं. कडी कोरडी पडली की कव्हर शाफ्टला धरून फिरू लागतं आणि साखळी तोडतं. साखळी तुटलेली दिसली की कारण बहुतेक तेच.

भाड्याचं यंत्र असेल तर

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर नाही, रान भाड्यानं करून घेतात. "यंत्र दुसऱ्याचं, आपल्याला काय?" असं म्हणू नये. रान आपलं असतं आणि पाचट ओढायला, पाणी द्यायला आपल्याच घरची माणसं जवळ जातात. यंत्र बांधावरून आत येण्याआधी शाफ्टकडं एकदा नजर टाकावी. कव्हर नसेल तर चालकाला स्पष्ट सांगावं, "बाबा, कव्हर लाव, मग रानात ये." मळणी यंत्रात हात जाऊ लागले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पण आपल्या रानात, आपल्या बांधावर उभं राहून पाहायला कुणी येत नाही. ते आपणच पाहायचं असतं.

आणि कव्हर असलं तरी तुंबलेलं पाचट काढताना पी.टी.ओ. सोडावा, इंजिन बंद करावं, शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच हात घालावा. शाफ्ट ओलांडून पलीकडं कधीही जाऊ नये. पंचा, ओढणी, सोगा खोचलेला असावा. पोराबाळांना यंत्राजवळ फिरकू देऊ नये.

आमचे चुलते शिकलेले. अक्षर मोत्यासारखं, उसाच्या बिलावर त्यांची सही ठळक असायची. आता त्या जागी डाव्या हाताचा अंगठा असतो. माळ्यावरचं ते कव्हर त्याच दिवशी खाली काढलं आणि बसवलं. बसवायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास आम्ही आधी काढला नाही.

तरी ज्यांच्या शेडमध्ये रोटाव्हेटर किंवा कुट्टी यंत्र उभं आहे, त्यांनी आजच जाऊन शाफ्ट पाहावा, आणि कव्हर माळ्यावर असेल तर ते खाली काढावं, ही सर्व सभासदांना कळकळीची विनंती.