चाकामागची विद्या – भाग ७ : डीपीची गुणगुण आणि तिसरा गिअर

पुसदहून वाशिमकडे निघालेली जुनी मारुती ८०० खंडाळा घाटाच्या पायथ्याशी येते, तेव्हा डॅशबोर्डवर वेग, पेट्रोल आणि इंजिनचे तापमान एवढेच दिसते. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे दाखवणारा काटा, म्हणजे आरपीएम मीटर, तिथे नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत असंख्य लोकांचा हात याच गाडीवर बसला, तोही त्या काट्याविना.

मग गिअर कधी बदलायचा हे त्यांना कळत कसे होते?

मागच्या आठवड्यात क्लच पाहिला. क्लच पूर्ण सोडला की इंजिन आणि चाके दातेरी चक्रांनी एकमेकांना बांधली जातात. एका गिअरमध्ये ठरावीक वेगाला ठरावीकच फेरे पडतात, त्यात तडजोड नसते. ८०० च्या १२ इंची रिमवरच्या टायरचा घेर सुमारे १.६ मीटर. ताशी ४० किलोमीटरला ते चाक मिनिटात सुमारे ४२० वेळा फिरते. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन चाकाच्या जवळपास सहापट फिरते असे धरले, तर फेरे झाले अडीच हजार. तोच वेग दुसऱ्या गिअरमध्ये ठेवला तर फेरे चार हजारांच्या घरात जातात, चौथ्यात सतराशेच्या आसपास उतरतात. वेगाचा काटा आणि हातातला गिअर, दोन्ही ठाऊक असले की तिसरी गोष्ट आपोआप कळते. सपाट रस्त्यावर पंधरा-वीसला दुसरा, तिशीला तिसरा, पंचेचाळीसच्या पुढे चौथा, हा शिकवणाऱ्यांचा आडाखा याच हिशेबातून आलेला आहे.

कानाचा हिशेब याहून सुंदर आहे. ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे, म्हणून प्रत्येक फेऱ्यात सरासरी दीड स्फोट. चार हजार फेऱ्यांना सेकंदाला शंभर स्फोट होतात. गावातल्या विजेच्या डीपीची गुणगुणही सेकंदाला शंभर कंपनांचीच असते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा तिच्या दुप्पट थरथरतो. रोजच्या चालवण्यात इंजिनाचा सूर डीपीच्या सुराला भिडला, तर गिअर बदलायला उशीर झाला. त्याच्या बरोबर खालच्या सप्तकात सूर असेल तर फेरे दोन हजार. चार सिलिंडरच्या डिझेल जीपला मात्र हा आडाखा जसाच्या तसा लावू नये. तिच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे डीपीचा सूर तीन हजारांनाच लागतो. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर धरते, त्यामुळे तिचा गिअर लवकर बदलतात. अशा जीपवर हात बसलेला माणूस ८०० चालवू लागला की चढावर ती सारखी दम टाकते, आणि दोष गाडीला मिळतो.

आता घाट. तिसऱ्यात चाळीसने आलेली गाडी चढ लागताच तिशीवर येते. फेरे उरले एकोणीसशे. सपाटीवर एवढ्या फेऱ्यांत ती मजेत चालली असती. इथे अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला तरी वेग वाढत नाही, आवाज घोगरा होतो, गिअरच्या दांड्यात धडधड जाणवते. आकडा एकच, पण निर्णय दोन. आरपीएम मीटर असता तरी त्याने फेरेच दाखवले असते. इंजिनावर किती भार आहे ते पायाला आधी कळते. पाय दाबूनही गाडी उचलत नसेल, तर दुसरा टाकायची वेळ झाली. तशीच रेटली तर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागते आणि बेअरिंगांवर नको तेवढा ताण पडतो.

इथे वेळेला फार किंमत आहे. तिशीला दुसरा टाकला तर फेरे तीन हजारांजवळ जातात आणि गाडी हसत चढते. पंधरापर्यंत वाट पाहिली तर दुसऱ्यातही ती ओढत नाही, पहिलाच टाकावा लागतो. दिवाळीनंतर कापसाने लादलेले पिकअप किंवा वणी भागातले कोळशाचे ट्रक पुढे असले, की नवखा माणूस नेमका इथेच अडकतो. पुढच्या वाहनापासून अंतर राखले तर वेग मोडत नाही आणि पहिल्यावर यायची पाळी टळते.

उलटी चूक अधिक महाग. सत्तरच्या वेगात घाईने दुसरा पडला, तर क्लच सोडताच फेरे सात हजारांच्या जवळ उसळतात. म्हणून आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग खालचा गिअर.

माथा ओलांडला की पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडलीच पाहिजे. गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना मागे धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये ते सगळे ओझे ब्रेकवर येते. ज्या गिअरने चढ चढला, त्याच गिअरने उतरणे सर्वांत सुरक्षित. उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असताना दुसऱ्या गिअरमधला तो भरडा, अडवणारा आवाज ऐकू येत असेल, तर इंजिन आपले काम करते आहे.

(पुढील भागात : तापलेले ब्रेक)