बेंच ड्रिलवर लेथचं काम: कितपत आणि का?

एका श्रोत्याने विचारलं होतं, "घरी बेंच ड्रिल आहे, लेथ घ्यायला ना पैसे ना जागा. ड्रिलवरच लाकूड फिरवून मूठ बनवता येईल का?" येईल. पण आधी ते मशीन कशासाठी बनलंय ते समजून घेऊ. मी दिवसभर कोड लिहितो, बोटं शाबूत राहण्यात माझा स्वार्थ आहे.

ड्रिलचा सगळा जोर सरळ खाली लागतो. चक बसतो एका टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, आणि तिथे बहुतेक वेळा ना पेच असतो ना पिन. नुसतं घर्षण. भोक पाडताना दाब वरच्या दिशेने येतो, त्यामुळे टेपर उलट घट्ट होतो. लेथच्या कामात मात्र जोर बाजूने येतो, वर थरथर. अशात टेपर सैल झाला की चक फिरता फिरता खाली येतो, लाकडासकट. मिलिंग मशीनमध्ये वरून लांब बोल्ट टाकून टूल ओढून धरतात, ते उगाच नाही.

म्हणून लाकडाला खालून आधार पाहिजेच. तो लाकूड डगमगू देत नाही, आणि चकला वर दाबून टेपरही बसता ठेवतो.

समजा, कानशीची मूठ करायची आहे. ३० मिमीचा, गाठी आणि चिरा नसलेला तुकडा घ्या. रंध्याने कडा मारून अष्टकोनी करा, निम्मी थरथर तिथेच संपते. एका टोकाला मधोमध भोक पाडून डोकं कापलेला ८ मिमीचा बोल्ट पिळून बसवा आणि नट लाकडावर आवळा. बोल्टची उघडी बाजू चकमध्ये. ड्रिल ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने हा पेच आणखी आवळला जातो, सुटत नाही.

खाली टेबलावर एक ठोकळा क्लॅम्प करा, त्यात टोक काढलेला बोल्ट उभा. चकमध्ये टोकदार सळई धरून खाली आणा, दोन्ही टोकं समोरासमोर आली की ठोकळा पक्का करा. यात घाई नको, इथे दोन मिमीची चूक झाली तर पुढे सगळं नाचणार. टोकाला थोडं मेण लावा. स्पिंडल शक्य तितका वर ठेवून टेबल उचला, कारण बाहेर आलेला स्पिंडल जास्त लवतो. मग किंचित दाब देऊन स्पिंडल लॉक करा.

वेग? पृष्ठभागाचा वेग म्हणजे पाय गुणिले व्यास गुणिले फेरे. ३० मिमी लाकूड मिनिटाला १४०० फेऱ्यांनी फिरलं तर साधारण १३२ मीटर. मुठीला एवढं पुरे, सुरुवात त्याहून हळूच करा.

आता हत्यार. पटाशी नाही! पटाशी अडकली तर सगळा झटका त्या टेपरलाच. कानस आणि पॉलिश पेपर वापरा. वरून पाहिलं तर चक घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे तुमच्या समोरची बाजू उजवीकडून डावीकडे जाते. म्हणून कानशीचं टोक उजवीकडे, मूठ डाव्या हातात. लाकूड कानशीला डाव्या तळहाताकडेच ढकलत असतं. बिनमुठीची कानस असेल तर तिचं निमुळतं शेपूट थेट तळव्यात. (हो, कानशीची मूठ करायला मुठीची कानस लागते. एक उसनी आणा.)

गॉगल हवाच. हातमोजे अजिबात नको, लांब बाह्या नको. पॉलिश पेपर दोन बोटांत हलका धरा, बोटाला गुंडाळू नका.

धातूचं काय, असं विचारणारे आहेतच. पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं छोटं बटण चकमध्ये धरून घासणं, चमकवणं, इतकं ठीक. स्टील कापायचं नाही. २० मिमी सळईला मिनिटाला ३० मीटर वेग धरला तर सुमारे ४८० फेरे लागतात, तेवढा हळू वेग काही ड्रिलमध्ये मिळेलही. अडचण कडकपणाची आहे. लेथला जड बेड असतो, टूल स्क्रूने पुढे सरकतं. इथे ते तुमच्या मनगटावर.